पहिलं महायुद्ध आणि हिंदुस्थान: सरकारला मागावं लागलं तेव्हा काय झालं

सातारा-रत्नागिरीकडच्या काही जुन्या गावांत एक लहानशी दगडी पाटी आढळते. मजकूर ठरावीक साच्यातला असतो: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतकी माणसं गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बहुतेक पाट्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धात कामी आले. गावाला आज 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पाटीवर १९१८ ऐवजी १९१९ का, असा प्रश्न पडतो. लढाई नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबली असली तरी व्हर्सायचा तह जून १९१९ चा आहे, आणि हिंदी पलटणी तोवर इराकमध्ये अडकलेल्याच होत्या.

शाळेच्या पुस्तकात या युद्धाला एखादा परिच्छेद मिळतो. सैनिक गेले, कर वाढले, महागाई झाली, असंतोष पसरला, मग गांधीयुग सुरू झालं. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण एकातून दुसरं कसं निघालं, हे त्यातून कळत नाही.

युद्धाआधी सरकारचा सामान्य माणसाशी येणारा संबंध ठरलेला होता: शेतसारा, मिठावरचा कर, कचेरी, फौजदार. सरकार घेत असे, पण मागत नसे. युद्धात मात्र त्याला माणसं, कर्ज, धान्य आणि लोकांचं गप्प बसणं हे सगळं एकाच वेळी हवं होतं, आणि नुसत्या हुकमाने ते मिळेना. दारात मागायला आलेल्याला लोक विचारतातच, बदल्यात काय देणार? १९१४ ते १९१९ मधलं बरंचसं राजकारण या एका प्रश्नाभोवती फिरलं.

माणसं कुठून आणली

४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्याच क्षणी हिंदुस्थानही युद्धात ओढला गेला. इथल्या कायदेमंडळाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. सप्टेंबरअखेर लाहोर आणि मेरठ डिव्हिजन फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरायला लागल्या, आणि ऑक्टोबरात बेल्जियममधल्या ईप्रच्या खंदकांत पोचल्यासुद्धा. हे सैन्य वायव्य सरहद्दीवरच्या चकमकींसाठी तयार केलेलं होतं. अवजड तोफा कमी, मशीनगन थोड्या, आणि अंगावर उष्ण हवेचे कपडे. ब्रिटनची स्वतःची नवी फौज उभी राहीपर्यंत आघाडीतली खिंडारं बुजवायला ते वापरलं गेलं. वर्षभराने, १९१५ च्या अखेरीस, बहुतेक हिंदी पायदळ तिथून हलवून इराककडे धाडलं.

जखमी सैनिक घरी पत्रं लिहीत, पण ती सेन्सॉरच्या हाताखालून जात. म्हणून काहींनी सांकेतिक भाषा शोधली: काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. 'काळी मिरी संपत आली' याचा अर्थ गावाकडे बरोबर कळत असे. सेन्सॉरच्या अधिकाऱ्यांनाही तो कळत होता, म्हणून तर ही पत्रं भाषांतर होऊन सरकारी दप्तरात राहिली.

युद्धकाळात एकूण भरती झाली ती लढणाऱ्या शिपायांची सुमारे पावणेनऊ लाख, आणि हमाल, खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी, मजूर अशा बिगरलढाऊ लोकांची साडेपाच लाखांवर. बिगरलढाऊ तुकड्यांत इराककडे पाठवलेले तुरुंगातले कैदीही होते. साधारण ७४ हजार माणसं परत आली नाहीत. शिपायाचा पगार सुरुवातीला महिना ११ रुपये होता. दुष्काळी टापूतल्या धाकट्या मुलाला तो पुरेसा वाटे. पण धान्य आणि कापड महाग होत गेलं, तसा ११ रुपयांचा मोह आटत गेला, आणि नेमकी तेव्हाच सरकारची गरज वाढत होती.

इंग्रजांनी स्वतःच एक अडचण करून ठेवली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी 'लढवय्या जाती'चा सिद्धांत पक्का केला आणि सैन्याचे दरवाजे काही मोजक्या समाजांपुरते ठेवले. महारांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली, ज्यांचे पूर्वज मुंबईच्या पलटणीत पिढ्यान् पिढ्या लढले होते. गोपाळबाबा वलंगकर आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जांवर अर्ज केले, उपयोग शून्य. १९१७ उजाडेपर्यंत ठरलेल्या समाजांतली माणसं पुरेनात, तेव्हा सरकारने पंचाहत्तरच्या आसपास नव्या जाती-जमाती भरतीसाठी खुल्या केल्या. त्याच वर्षी १११ वी महार पलटण उभी राहिली. अर्जांनी जे झालं नाही ते माणसांच्या टंचाईने झालं. पण गरज संपल्यावर ही पलटण आधी दुसऱ्या पलटणीत मिसळली आणि १९२१ मध्ये मोडीत काढली. सैन्यातला पगार, निवृत्तिवेतन, मुलांचं शिक्षण, गावात मिळणारा मान हे सगळं एकदा हातात येऊन पुन्हा गेलं. पुढच्या दलित चळवळीच्या मागण्यांत सैन्यभरतीचा मुद्दा सतत का येतो, याचं एक कारण हे आहे.

भरतीची सक्ती सगळ्यांत जास्त दिसली ती पंजाबात. एकट्या त्या प्रांताने साडेतीन लाखांच्या आसपास लढणारे शिपाई दिले. कायद्याने सक्ती नव्हती, कोटा होता. प्रांताचा आकडा जिल्ह्यांना वाटला जाई, जिल्ह्याचा तहसिलींना, आणि तहसीलदार तो जैलदार-लंबरदारांच्या, म्हणजे तिथल्या गावप्रमुखांच्या, माथी मारी. आकडा भरला तर कालव्याकाठची जमीन, सनद, पदवी. नाही भरला तर पाण्याची पाळी चुकवणे, लंबरदारी काढून घेणे, किंवा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७ आणि ११० कलमांखाली 'चांगल्या वर्तणुकीचा जामीन' मागणारा खटला. तरुण भरती झाला की खटला मिटे. १९१९ मध्ये सगळ्यांत मोठा उद्रेक पंजाबातच का झाला हे समजून घेताना लोक थेट जालियनवाला बागेपासून सुरुवात करतात. त्याआधीची दोन वर्षं पाहिल्याशिवाय ते कोडं सुटत नाही.

कुत: एका शरणागतीचे दूरवरचे परिणाम

हा भाग थोडा सविस्तर पाहू. रणांगणावरची चूक राजकीय घोषणेपर्यंत कशी पोचते, हे यात पायरीपायरीने दिसतं. महाराष्ट्राचा संबंधही थेट आहे, कारण इराकमध्ये सगळ्यांत पुढे होती ती सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या.

नोव्हेंबर १९१४ मध्ये या फौजेने बसरा घेतलं. उद्देश मर्यादित होता: इराणच्या आखातातलं तेल आणि वाट सुरक्षित ठेवणं. पण सहज यश मिळत गेलं तशी हाव वाढली आणि जनरल टाउनशेंडची फौज टायग्रिस नदीच्या कडेने बगदादकडे निघाली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला तुर्कांनी तिला अडवलं. प्रचंड हानी सोसून ती मागे आली आणि कुत-अल-अमारा या नदीच्या वळणावरच्या गावात अडकली. वेढा १४७ दिवस चालला.

वेढ्यात आजारही जेवणाप्रमाणे वेगवेगळे झाले. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या मैद्याचा पाव होता, त्यांना बेरीबेरी झाला. हिंदी शिपाई कणीक खात होते, त्यामुळे त्यांना बेरीबेरी झाला नाही. पण भाजी नाही, आणि धर्मामुळे घोड्याचं मांस बरेच दिवस नाकारलेलं, म्हणून त्यांना स्कर्व्हीने गाठलं: हिरड्या सुजतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार लोक शरण गेले, त्यांत मोठा भाग हिंदी होता. वाळवंटातून पायी नेलेल्या या कैद्यांपैकी हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले.

लंडनला हादरवलं ते मात्र शरणागतीइतकंच दुसऱ्या एका गोष्टीने. टेसिफॉनचे जखमी नदीवाटे बसऱ्याला आणले तेव्हा मेजर कार्टर नावाचे लष्करी डॉक्टर तिथे होते. जखमींनी खच्चून भरलेली 'मेजिदीये' ही बोट जवळ येताना तिच्या बाजूंनी दोर लोंबत असल्यासारखं त्यांना दिसलं. बोट धक्क्याला लागल्यावर कळलं की ती वाळलेली विष्ठा होती. जागचे हलू न शकणारे लोक दिवसेंदिवस डेकवर तसेच पडून होते, हगवण लागलेली, पट्ट्या न बदललेल्या. कार्टरनी तक्रार केली तर वरिष्ठांनी त्यांनाच दम भरला. इस्पितळ-बोटी, तंबू, औषधं का नव्हती? कारण ही मोहीम १९१६ च्या सुरुवातीपर्यंत सिमल्याहून हिंदुस्थान सरकार चालवत होतं, आणि ते सरकार लष्करी खर्च शांततेच्या काळासारखाच आवळून धरत होतं.

चौकशीसाठी मेसोपोटेमिया (म्हणजे इराक) कमिशन नेमलं गेलं. त्याचा अहवाल जून १९१७ मध्ये बाहेर आला आणि त्याने हिंदुस्थान सरकारची पुरती लाज काढली. पार्लमेंटमधल्या चर्चेत एडविन मॉण्टेग्यू या खासदाराने 'हा कारभार लाकडासारखा ठोकळा आणि जलप्रलयापूर्वीचा आहे' अशा अर्थाची सणसणीत टीका केली. भारतमंत्री, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणारे ब्रिटिश मंत्री, ऑस्टिन चेंबरलेन यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी आले तेच मॉण्टेग्यू. २० ऑगस्ट १९१७ ला त्यांनी जाहीर केलं की हिंदुस्थानात टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती आणणं हे ब्रिटिश धोरण आहे.

एकट्या कुतमुळे ही घोषणा झाली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. मसुदा आधीपासून फिरत होता, आणि 'जबाबदार राज्यपद्धती' हे शब्द तर साम्राज्यवादी कर्झनच्या लेखणीतून आले होते. इथे होमरूलची, म्हणजे स्वराज्याची, चळवळ तापली होती, रशियात झार पदच्युत झाला होता. पण ज्या सरकारची 'आम्ही निदान कारभार तरी चोख करतो' ही फुशारकी होती, तिलाच कुतने सुरुंग लावला. 'सुधारणा म्हणजे युद्धातल्या मदतीबद्दल ब्रिटनने दिलेलं बक्षीस' ही समजूत अजून चालू आहे. ती फारशी खरी नाही.

पैसा कुठे गेला आणि महागाई कुठून आली

१९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला युद्धखर्चासाठी १० कोटी पौंडांची 'देणगी' दिली. १५ रुपयांचा एक पौंड या दराने हे दीडशे कोटी रुपये होतात, म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या साधारण एका वर्षाच्या महसुलाइतकी रक्कम. तिजोरीत एवढे पैसे अर्थातच नव्हते. म्हणून युद्धकर्ज काढलं, लहान बचतदारांसाठी पोस्टात कॅश सर्टिफिकिटं सुरू केली, आणि जेवढं उभं राहणार नाही तेवढ्या ब्रिटिश कर्जाचं व्याज आपल्या अंगावर घेतलं. मामलेदाराने सावकारांना आणि व्यापाऱ्यांना बोलावून 'तुम्ही किती घेता?' असं विचारणं हे त्या काळचं नेहमीचं दृश्य. कागदोपत्री स्वेच्छा, प्रत्यक्षात भरतीसारखाच कोटा.

या देणगीचा वार्षिक बोजा सुमारे ६० लाख पौंड, म्हणजे ९ कोटी रुपये होता. तो भागवायला नवे कर आले: मोठ्या उत्पन्नावर सुपरटॅक्स, तागावरचं निर्यातशुल्क दुप्पट, आणि परदेशी कापडावरचं आयातशुल्क साडेतीन टक्क्यांवरून साडेसात टक्के. शेवटची गोष्ट वरवर किरकोळ दिसते, पण तिने वीस वर्षांचं एक भांडण उलटवलं. १८९६ पासून मँचेस्टरच्या दबावाखाली आयात कापडावर साडेतीन टक्के आणि देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढीच जकात, अशी 'बरोबरी' राखली जात होती. १९१७ मध्ये पहिली वाढली, दुसरी तशीच राहिली. लँकेशायरचे गिरणीमालक चवताळले, पण देणगी स्वीकारायची आणि तिची वसुली अडवायची हे एकदम करता येईना. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना चार टक्क्यांचं संरक्षण मिळालं. त्यात जहाजं लष्कराकडे गेल्याने परदेशी कापड आधीच घटलेलं. गिरणीमालकांचे नफे वाढले, तागाच्या गिरण्या खंदकांसाठी लागणाऱ्या वाळूच्या पोत्यांवर गब्बर झाल्या, टाटांच्या साक्चीच्या कारखान्यातले रूळ इराक आणि पॅलेस्टाइनमध्ये पडले. १९१९ मध्ये साक्चीचं जमशेदपूर झालं.

आता महागाईचं मूळ. समजा, लष्करासाठी कराचीत १५ लाख रुपयांचा गहू घेतला. व्यापाऱ्याला पैसे इथेच मिळाले, हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीतून, रुपयांत. ब्रिटन त्याची भरपाई करी, पण लंडनमध्ये: एक लाख पौंड भारतमंत्र्याच्या खात्यावर जमा. एरवी अशा पौंडांतून माल किंवा सोनं-चांदी इकडे येई आणि हिशेब मिटे. युद्धात माल यायला जहाज नव्हतं, सोनं-चांदी हलवण्यावर बंधनं होती. मग ते पौंड लंडनमध्येच ब्रिटिश सरकारच्या रोख्यांत गुंतवले, आणि त्या रोख्यांना तारण समजून इथे नोटा छापल्या. आता हिशेब पाहा. गहू देशाबाहेर गेला. त्याचे १५ लाख रुपये देशात खेळू लागले. त्या रुपयांनी घेण्यासारखी वस्तू मात्र एकही वाढली नाही. हे रोज, चार वर्षं, गहू-कातडी-ताग-कापूस-खेचरं अशा शेकडो वस्तूंच्या बाबतीत चाललं. मार्च १९१४ मध्ये चलनात सुमारे ६६ कोटींच्या नोटा होत्या. मार्च १९१९ मध्ये दीडशे कोटींहून जास्त.

त्यात चांदीचा घोळ. त्या वेळचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, बारापैकी अकरा भाग चांदीचा. त्याची किंमत १६ पेन्स ठरवलेली होती, आणि चांदी औंसाला ४३ पेन्सच्या खाली असेपर्यंत ठीक होतं. ४३ च्या वर गेली की रुपया वितळवून विकण्यात फायदा. १९१७ च्या सप्टेंबरात लंडनचा भाव ५५ पेन्सपर्यंत गेला. नाणी बाजारातून नाहीशी व्हायला लागली, काही वितळवली गेली, बरीचशी मडक्यांत आणि भुईत गेली. सरकारने रुपयाचा दर वाढवला, आणि १९१७ च्या अखेरीस पहिल्यांदाच एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांची. खेड्यात या कागदावर कोणाचा विश्वास? नोट मोडायला गेलं की वाणी वटाव कापी. १९१८ च्या वसंतात जर्मनांनी फ्रान्समध्ये मुसंडी मारल्याच्या बातम्या आल्या तेव्हा नोटा देऊन चांदी मागणाऱ्यांच्या रांगा लागल्या आणि सरकारी साठ्याने तळ गाठला. अमेरिकेने आपल्या साठ्यातली २० कोटी औंस चांदी विकायला काढली म्हणून अब्रू वाचली.

किमती किती वाढल्या? '१९१३ ते १९१८ मध्ये दुप्पट' हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य आहे. सरकारी निर्देशांक १९१३ मध्ये १४३, १९१८ मध्ये २२५ आणि १९२० मध्ये २८१ होता. म्हणजे सरासरीने दुप्पट व्हायला १९२० उजाडलं. पण गरिबाच्या रोजच्या वस्तू, जाडंभरडं कापड, मीठ, रॉकेल, या सरासरीच्या खूप पुढे पळाल्या. सरासरी त्याच्या ताटातली नव्हती.

सगळी महागाई नोटांनी केली असंही नाही. एरवी बंगाल-बिहारचा कोळसा कलकत्त्याहून जहाजाने मुंबईला येई. जहाजं लष्कराने घेतली, मग तो कोळसा रेल्वेने देशभर ओढावा लागला. त्यातच रूळ, इंजिनं आणि डबे इराकला पाठवलेले. उरलेल्या डब्यांत पहिला मान लष्कराचा, दुसरा कोळशाचा. धान्य एका प्रांतात पडून आणि शेजारच्या प्रांतात भाव दीडपट, हा प्रकार त्यामुळे होत होता. १९१८ मध्ये मद्रासेत तांदळासाठी दंगे झाले, बंगालमध्ये कापडासाठी आठवडी बाजार लुटले गेले.

१९१८ चा ताप

त्या वर्षीचा पाऊसही फसला. आणि जूनमध्ये मुंबईच्या पोलीस इस्पितळात सात शिपाई तापाने दाखल झाले, त्यांतला एक गोदीवर नेमणुकीला होता. जहाजांतून आलेला हा इन्फ्लुएन्झा पहिल्या फेरीत सौम्य होता. सप्टेंबरातली दुसरी फेरी मारणारी निघाली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू झाले. रेल्वेमार्गांनी तो मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्यप्रांतात पसरला. देशभरात मृतांचा अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या वरपर्यंत जातो. लढाईत मेलेल्या हिंदी सैनिकांच्या शेकडो पट. मेले ते मुख्यतः २० ते ४० वयाचे, आणि पुरुषांपेक्षा बायका जास्त: आजाऱ्याची सेवा त्यांच्याकडे, आणि पोटात अन्न सगळ्यांत कमी त्यांच्याच. खरीप काढायच्या आणि रब्बी पेरायच्या ऐन दिवसांत घरातली कर्ती माणसं गेली. सरकारी डॉक्टर लष्करात गेलेले होते. शहरांत जातीच्या संस्था, विद्यार्थी आणि सेवामंडळं औषधं वाटत फिरली, आणि त्यातूनच कार्यकर्त्यांचं एक जाळं तयार झालं, जे पुढच्या वर्षी सत्याग्रहात कामाला आलं. १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातलं लोकसंख्या घटलेलं एकमेव दशक आहे.

बदल्यात काय?

टिळक मंडालेहून सुटले जून १९१४ मध्ये, युद्ध सुरू व्हायच्या जेमतेम दीड महिना आधी. ऑगस्टमध्ये त्यांनी सरकारशी निष्ठा जाहीर केली, तेव्हा अनेक जहाल बुचकळ्यात पडले. पण त्यांचा हिशेब सरळ होता: सरकार अडचणीत आहे, त्याला उघड विरोध केला तर पुन्हा तुरुंग, मदतीचा हात पुढे करून किंमत मागितली तर ऐकावं लागेल. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला त्यांनी होमरूल लीग स्थापली. त्या भाषणांबद्दल सरकारने २० हजारांचा जातमुचलका आणि वर जामीन मागितला. जिनांनी वकिली केली आणि हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. डिसेंबरात लखनौला काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांनी एकत्र मागणी ठरवली. पुढच्या जूनमध्ये सरकारने ॲनी बेझंटना स्थानबद्ध केलं आणि होमरूलची जेवढी प्रसिद्धी त्यांना स्वतःला करता आली नसती तेवढी करून दिली.

जून १९१८ मधली मुंबईची युद्ध परिषद या सौदेबाजीचा कळस म्हणावी लागेल. टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डन अध्यक्ष होते. टिळकांनी निष्ठा व्यक्त करून लगेच स्वराज्याचा मुद्दा काढला, विलिंग्डननी त्यांना थांबवलं, टिळक सभा सोडून निघाले. गांधीजींची वाट त्या वेळी वेगळी होती: साम्राज्याचे नागरिक म्हणून हक्क हवेत तर मदत बिनशर्त करावी. टिळकांनी त्यांना ५० हजार रुपयांचा चेक पाठवला आणि कळवलं, हिंदी लोकांना अधिकारपदं देण्याचं वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून ५ हजार शिपाई देतो, नाही दिले तर पैसे जप्त. गांधीजींनी चेक परत केला आणि खेडा जिल्ह्यात भरतीसाठी पायपीट सुरू केली. याच जिल्ह्यात काही महिन्यांपूर्वी त्यांच्या सांगण्यावरून शेतकऱ्यांनी सारा थकवला होता. आता तेच लोक भाड्यानेही बैलगाडी देईनात. भरती नगण्य झाली आणि ते स्वतः मरणाच्या दारात जाईपर्यंत आजारी पडले. माझ्या मते, त्या वर्षी खेड्यातला शेतकरी दोन्ही नेत्यांपेक्षा स्पष्ट बोलत होता.

किंमत न मागता बंड करणारेही होते. परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गदर पक्षाचे लोक अमेरिका-कॅनडातून परतले आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये छावण्यांत उठाव करायचा बेत ठरला. फितुरीने तो फुटला. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले आणि नोव्हेंबरात कर्तारसिंग सराभांबरोबर लाहोरला फाशी गेले. सरकारने उत्तर म्हणून मार्च १९१५ मध्ये भारत संरक्षण कायदा आणला: तीन कमिशनरांचं खास न्यायालय, अपील नाही, आणि संशयावरून स्थानबद्धता. युद्धापुरता म्हणून तो खपून गेला. अडचण झाली ती युद्ध संपत आल्यावर, कारण हे अधिकार सोडवेनात. रौलट समितीने ते शांततेतही ठेवायची शिफारस केली आणि मार्च १९१९ मध्ये, एकाही निवडून आलेल्या हिंदी सभासदाचा पाठिंबा नसताना, कायदा झाला.

वेळ पाहा. माणसं दिली, कर्ज दिलं, साथीत घरं ओस पडली, भाव उतरत नाहीत, शिपाई घरी परततायत, आणि बदल्यात हातात आला तो विनाचौकशी कैदेचा कायदा. ६ एप्रिलचा हरताळ, १३ एप्रिलला अमृतसर, पंजाबात मार्शल लॉ. मुसलमानांना तुर्कस्तानच्या खलिफाबद्दल दिलेली आश्वासनंही तहात विरघळली आणि खिलाफतीचा संताप त्यात मिसळला. गंमत म्हणजे तो रौलट कायदा एकदाही वापरला गेला नाही आणि १९२२ मध्ये रद्द झाला.

दुसरीकडे १९१७ च्या घोषणेनंतर हक्कांच्या वाटणीची रांग लागली होती. मताधिकार कोणाला, हे ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे जानेवारी १९१९ मध्ये तरुण आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची बाजू मांडली. विठ्ठल रामजी शिंदे यांचीही साक्ष झाली. १९१९ च्या कायद्यानंतर मुंबई कायदेमंडळात मराठा आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखीव झाल्या. मत मात्र थोड्यांनाच मिळालं, कारण ते मालमत्ता आणि साऱ्याशी बांधलेलं होतं. गिरणगावानेही आपली मागणी रस्त्यावर मांडली: जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत लाखाहून जास्त कामगार संपावर गेले. 'महागाई भत्ता' ही गोष्ट याच वर्षांतली. ऑक्टोबर १९२० मध्ये मुंबईतच आयटक ही कामगारांची देशव्यापी संघटना स्थापन झाली, लाला लजपतराय अध्यक्ष.

वीस वर्षांनी व्हाइसरॉय लिनलिथगोने पुन्हा कोणालाही न विचारता हिंदुस्थानला युद्धात ढकललं. या वेळी काँग्रेसने मदतीचा शब्द आधी दिला नाही. १४ सप्टेंबर १९३९ ला वर्ध्याला कार्यकारिणीने ठराव करून विचारलं, तुमचे युद्धहेतू काय आहेत आणि ते हिंदुस्थानला लागू होणार का? उत्तर गुळमुळीत आलं, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात आठ प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. आणि माणसांची टंचाई भासताच, १९४१ मध्ये बेळगावला, महारांची पलटण पुन्हा उभी राहिली.